चंदेरी कागद नसलेली पाकिटं

एल्व्हिओ गेल्या हिवाळ्यात गेला, म्हणून आता हे सांगायला हरकत नसावी. तो असेपर्यंत मी गप्प राहिलो. ते गप्प राहणं माझ्या बायकोने, नेलाने, माझ्याकडून मागून घेतलं होतं. तिने मागितलं ते बरोबर होतं का, आणि मी दिलं ते तरी बरोबर होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. पण फळ्यावरचं सोडून दुसरं कुठलं गणित मला धड सुटल्याचं आठवत नाही.

एल्व्हिओ हा रोमुलोचा थोरला भाऊ, आणि रोमुलो माझा मित्र. मित्र म्हणावा असा तेवढाच. मला माणसं जोडता येत नाहीत. शाळेत रोमुलो माझ्या बाकावर येऊन बसला आणि बोलायला लागला. तो बोलत राहिला, मी ऐकत राहिलो, आणि ते तसंच म्हातारपणापर्यंत चाललं. पुढे तो हृदयाचा डॉक्टर झाला. त्याचं शिक्षण एल्व्हिओने केलं. बाप लवकर वारला होता. एल्व्हिओ सोयाबीनचे ट्रक रोसारिओच्या बंदरावर नेऊन ओतायचा आणि त्यातून धाकट्याची पुस्तकं यायची. रोमुलो हे कधी विसरला नाही. विसरला असता, तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं.

रोमुलोचं मन रोग्यांपेक्षा सशांत जास्त रमायचं. इस्पितळाच्या मागच्या चौकात त्याची एक खोली होती. तिथे काचेच्या नळीला सशाचं हृदय टांगलेलं असे. नळीतून कोमट खारं पाणी सोडलं की ते शरीराबाहेरही धडधडत राही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला खुर्ची द्यावी लागली होती. नळीची तोटी बराच वेळ बंद ठेवली की हृदय सुजायचं, पांढरं पडायचं, आणि पाणी परत सोडलं तरी नीट चालायचं नाही. पण आधी तोटी थोडा थोडा वेळ बंद करून उघडली, असं तीनचारदा केलं, आणि मग ती मोठी बंदी आणली, तर तेच हृदय पुष्कळ बरं तगायचं.

“थोडा मार खाल्लेलं हृदय मोठ्या माराला सावध असतं,” रोमुलो म्हणायचा.

“मग आमच्या पोस्टातल्या बायका अमर व्हायला हव्या होत्या,” नेला म्हणायची. ती पोस्टात पत्रं निवडायच्या टेबलावर होती, निवृत्त होईपर्यंत.

नंतर त्याला, म्हणजे जगभरच्या अशा लोकांना, कळलं की तो थोडा मार थेट हृदयालाच द्यावा लागतो असं नाही. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा, हाताचं रक्त थांबेल इतका फुगवायचा, काही मिनिटांनी सोडायचा, पुन्हा फुगवायचा. हात कुठून तरी हृदयाला निरोप धाडतो. तो निरोप नेमका काय आणि कोण नेतं, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. रोमुलोला ते माणसांवर तपासायचं होतं. बायपासच्या आधी सकाळी अर्ध्या रोग्यांना खरा पट्टा फुगवायचा, अर्ध्यांना नुसता बांधून किंचित हवा भरायची. मग ऑपरेशननंतर रक्त तपासून कुणाच्या हृदयाला किती इजा झाली ते पाहायचं. कुणाला काय मिळणार हे ना रोग्याला कळावं, ना डॉक्टरला. नाहीतर डॉक्टर आपल्या आवडत्याला, किंवा ज्याची तब्येत बरी दिसते त्याला, खऱ्या पट्ट्याकडे ढकलतो आणि सगळा हिशेब वाकडा होतो. हा भाग माझ्या विषयातला. म्हणून तो माझ्याकडे आला.

पाकिटं आम्ही आमच्या स्वयंपाकघरात केली. त्या महिन्याची एकोणतीस तारीख रविवारी आली होती. एकोणतीसला बटाट्याच्या न्योकी, म्हणजे पिठात मळून उकडलेल्या गोळ्या, करायच्या, बरकतीसाठी ताटाखाली एखादी नोट सरकवायची आणि रोमुलोने येऊन जेवायचं, हे आमच्याकडे ठरलेलं. जेवण झाल्यावर नेलाने त्याच न्योकीचं पातेलं धुऊन पुसून टेबलावर ठेवलं. तिने जाड काळ्या पेनाने चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, अर्ध्यांवर ‘हो’, अर्ध्यांवर ‘नाही’. चिठ्ठ्या घडी घालून पातेल्यात घातल्या, रोमुलोने हाताने ढवळल्या. नेला डोळे मिटून एकेक उचलायची, न उघडता चंदेरी कागदात गुंडाळायची आणि पाकिटात सरकवायची. चिकटवलेल्या पाकिटावर वरून क्रमांक घालायचं काम माझं. रोगी ज्या क्रमाने येईल त्या क्रमाने पाकीट उघडायचं. आतला क्रम आमच्या तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हता. याचं मला फार समाधान वाटत होतं. जगात इतकी निखळ गोष्ट क्वचितच करायला मिळते.

शेवटची पाकिटं उरली तेव्हा चंदेरी कागदाची गुंडाळी संपली. मी टोपी घेऊन उठलो, पण रविवार, त्यात दुपारची वेळ. अख्खा गाव शटर ओढून झोपला होता. मी म्हटलं, उरलेली उद्या करू. रोमुलोला सोमवारी सकाळीच पहिला रोगी घ्यायचा होता.

“राहू दे रे, मास्तर,” तो म्हणाला. “उरलेली तशीच चिकटव. यांची पाळी यायला वर्ष जाईल. आणि आपलीच तर माणसं आहेत, कोण बघणार आहे?”

“कागद नसलेलं पाकीट म्हणजे खिडकी,” नेला म्हणाली. “पोस्टात आम्ही बल्बसमोर धरायचो. आत नोट आहे की नुसतंच प्रेम, लगेच कळायचं.”

रोमुलो इतका हसला की त्याला ठसका लागला. नेलाने ती पाकिटं तशीच चिकटवली. मीच त्यांच्यावर क्रमांक घातले. घालताना मला ते आवडलं नव्हतं, पण मी बोललो नाही. मला वाटलं, आपण उगाच कीस काढतो, अशी आपल्याला खोडच आहे.

वर्ष गेलं. रोमुलोचं काम चाललं होतं. मध्येच नेलाला जिना चढताना धाप लागायला लागली. आधी तिने ते वयावर ढकललं, मग सिगारेटवर, मग जिन्यावर. शेवटी रोमुलोनेच तिला तपासायला नेलं आणि बाहेर येऊन मला म्हणाला, बायपास करावा लागेल, आणि तिचं हृदय फार दणकट नाही. ते सांगताना त्याचे डोळे भरले होते. ते अश्रू खरे होते, हे मी आजही म्हणतो. मला त्याच्याविषयी खोटं काही लिहायचं नाही.

नेलाने अभ्यासात नाव द्यायचं स्वतःच ठरवलं. “कुणाच्या तरी उपयोगाला येईल,” ती म्हणाली. “नाहीतर हे सगळं नुसतंच कापणं.” आणि मला बजावलं, की रोमुलोकडे वशिला लावायला जायचं नाही. चिठ्ठ्या तिने काढल्या होत्या. जी निघेल ती तिची.

मी वशिला लावला नाही. पण ऑपरेशनच्या आठवड्यात मी त्याच्या खोलीच्या दाराशी गेलो हे खरं आहे. काही विचारायला गेलो होतो की नुसता उभा राहायला, मलाही सांगता येणार नाही. तो सशाच्या पिंजऱ्यापाशी वाकला होता. मला पाहून सरळ झाला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “विचारू नकोस, मास्तर. माझी आई असती तरी मी पाकिटाला हात लावला नसता. तू विचारलंस तर मला नाही म्हणावं लागेल, आणि मग आपल्या दोघांना ते आयुष्यभर आठवेल.” मला त्याचा अभिमान वाटला. घरी जाऊन मी नेलाला ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, “बघ, शिकला तो तुझ्याकडून काहीतरी.”

योगायोगाने एल्व्हिओही त्याच आठवड्यात भरती झाला. त्याच्याही नळ्या तुंबल्या होत्या, आणि अभ्यासात त्यानेही नाव दिलं होतं. दोघांची ऑपरेशनं एकाच दिवशी ठरली, आधी नेलाचं, मग त्याचं. आदल्या संध्याकाळी भेटीच्या वेळेत मी परिचारिकांसाठी म्हणून अल्फाहोर बिस्किटांचा डबा नेला होता. एल्व्हिओ पायजमा सावरत नेलाच्या कॉटशी येऊन बसला. दोघं आपापल्या हृदयाविषयी गाड्यांविषयी बोलावं तसं बोलत होती. त्याचं म्हणणं, आपलं इंजिन उतरवून धुऊन परत बसवणार. नेला म्हणाली, “तुझं ट्रकचं आहे. माझी सायकल, नुसती चेन बदलतील.” त्या डब्यातल्या बिस्किटांपैकी परिचारिकांपर्यंत किती पोचली, कुणास ठाऊक.

सकाळी मी पोचलो तेव्हा रोमुलो नेलाच्या कॉटच्या पायथ्याशी उभा होता. त्याने सांगितलं, की एल्व्हिओची साखर वर गेली आहे, फार वेळ उपाशी ठेवणं बरं नाही. तेव्हा त्याला आधी घेतलं तर चालेल का. पाकिटंही त्या क्रमानेच उघडली जातील, एवढाच काय तो बदल. शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांची हरकत नव्हती. नेलाने त्याच्याकडे जरा पाहिलं आणि म्हणाली, “जाऊ दे ट्रक पुढे. सायकलला घाई नसते.”

झुलेमा नावाची परिचारिका पाकिटांचा डबा घेऊन आली. डबा रोमुलोच्या खोलीत असायचा; पाकीट उघडायचं आणि पट्टा बांधायचा तो तिनेच, पडद्यामागे. ती आधी एल्व्हिओच्या पडद्यामागे गेली. बऱ्याच वेळाने नेलाकडे आली. मी बाहेर बाकावर बसलो होतो. पडदा सरल्यावर नेलाने मला दंड दाखवला आणि म्हणाली, “काही नाही रे. कुणी हात धरून ओळख करून घ्यावी, एवढंच.” आम्हाला दोघांनाही तेव्हा त्याचा अर्थ लावायचा नव्हता.

एल्व्हिओ लवकरच घरी गेला. नेलाचं हृदय ऑपरेशनच्या टेबलावरच थकलं. परत सुरू झालं ते मनाविरुद्ध उठलेल्या माणसासारखं. पाय सुजायचे. ती रात्री उशांना टेकून बसून झोपायची. डॉक्टर म्हणाले, असं होतं काहींचं. स्नायूला मार बसलाय.

आता इथे मला थांबून एक सांगायला हवं, कारण पुढे मी कदाचित अन्यायाने लिहीन. खरा पट्टा मिळाला असता तर नेला बरी झाली असती, असं मी म्हणत नाही. म्हणता येत नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मीच पोरांना शिकवलं. तिच्या पाळीची चिठ्ठी तिला मिळायला हवी होती, एवढंच मी म्हणतो.

ती थोडी हिंडूफिरू लागल्यावर एका एकोणतीसला आम्ही दोघा भावांना जेवायला बोलावलं. अभ्यास तोवर पुरा होत आला होता. त्याची शेवटची मोजदाद मी करून दिली होती, फक्त कुठला गट खरा हे मला सांगितलेलं नव्हतं. ते रोमुलो नंतर उघडणार होता. टेबलाशी बसताना तो खुशीत होता. दोन गटांत थोडासा फरक दिसतोय म्हणत होता.

जेवणानंतर एल्व्हिओने दुधाच्या गोड खव्याची बरणी पुढे ओढली आणि चमच्याने थेट खायला सुरुवात केली. मी आपलं काळजीने म्हटलं, की साखरेचं काय.

“कसली साखर?” एल्व्हिओ म्हणाला.

मी म्हटलं, इस्पितळात वाढली होती ती.

“मला साखरबिखर काही नाही, मास्तर. नळ्या सोडल्या तर मी बैलासारखा आहे. विचार की डॉक्टरला, तुझ्या शेजारीच बसलाय.” आणि तो हसत सांगू लागला, की सगळ्यात वाईट ऑपरेशन नव्हतंच, वाईट तो पट्टा. हात वांग्यासारखा जांभळा झाला होता, बोटं बधिर. त्याने झुलेमाला शिव्या घातल्या. “पण हा आदल्या संध्याकाळीच सांगून गेला होता ना. म्हणाला, दादा, उद्या हात फार दुखेल, ओरडू नकोस, तुझ्या भल्याचं आहे. म्हणून सोसलं. नाहीतर तिथेच तिच्या थोबाडीत बसली असती.”

आदल्या संध्याकाळी.

पाकीट सकाळी उघडलं होतं.

मी रोमुलोकडे पाहिलं. तो ताटाखालची नोट बोटाने आत ढकलत होता, जरा बाहेर आलेलं तिचं टोक पुन्हा आत, पुन्हा आत. नेला म्हणाली, “एल्व्हिओ, बरणी इकडे दे, सगळी संपवशील,” आणि बोलणं फुटबॉलकडे वळवलं. रोमुलो काहीतरी कारण काढून लवकर उठला. जाताना नेहमीसारखं माझ्या खांद्यावर थोपटलं नाही.

भांडी पुसताना मी नेलाला म्हणालो, की माझ्या डोक्यात एक घाणेरडी गोष्ट आली आहे आणि ती चुकीची असली तर मला आनंद होईल. ती बश्या पुसत राहिली.

“चुकीची नाही,” ती म्हणाली.

“तुला ठाऊक होतं?”

“आदल्या संध्याकाळी एल्व्हिओने चार अल्फाहोर खाल्ले होते. साखरेचा माणूस डॉक्टर भावाच्या इस्पितळात बसून चार अल्फाहोर खातो का? आणि पाकिटांना कागद नव्हता, ते मलाच ठाऊक असणार ना.”

“मग तू तुझी पाळी दिलीस का?”

तिने फडकं दांडीवर टाकलं. “रोमुलो माझ्याकडे बघून बोललाच नाही. कॉटच्या दांडीशी बोलत होता. इतकी वर्षं ओळखते त्याला, त्याला असं अडलेलं कधी पाहिलं नव्हतं. भाऊ आणि मी, यात त्याला निवडायचं होतं आणि त्याने निवडलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर ते तिथेच सगळ्यांसमोर आलं असतं. म्हटलं, जाऊ दे.”

“मला सांगायचं तरी.”

“तुला एकच तर मित्र आहे, अमिल्कार. मी राहिले नाही तर एकोणतीसला तू जेवणार कुणाबरोबर?”

तिने हे माझ्या भल्यासाठी केलं होतं, आणि एल्व्हिओलाही त्याच्या भल्यासाठी हात दुखेल असं सांगितलं गेलं होतं. त्या दिवशी मला दोन्हींत फरक दिसला नाही. मला वाटलं, माझ्या आयुष्यातल्या दोन माणसांनी मिळून माझ्या पाठीमागे रांग बदलली. मी नेलाशी तसं बोललो नाही. पण संध्याकाळभर पुस्तकात तोंड घालून बसलो, आणि पान उलटलं नाही हे तिने पाहिलं. उठताना ती एवढंच म्हणाली, की एल्व्हिओला यातलं अक्षर कळता कामा नये. “तो ट्रकवाला आहे. त्याला कळलं तर ते हृदय परत करायला दारात उभा राहील.” मी कबूल झालो.

दुसऱ्या दिवशी मी रोमुलोच्या खोलीत गेलो. अभ्यासाला जेवढे रोगी लागायचे तेवढे झाले होते. डब्यात काही पाकिटं न उघडता उरली होती. मी वरचं उचललं. त्याच्या टेबलाच्या वर भिंतीवर एक्स-रे बघायची दिव्याची पेटी होती. मी ती लावली आणि पाकीट काचेला चिकटवून धरलं. नेलाचं वळणदार, जाड अक्षर स्पष्ट दिसलं. ‘नाही’. घडीमुळे शेवटचं अक्षर थोडं दुमडलं होतं, एवढंच.

“बस, मास्तर,” रोमुलो म्हणाला.

“पाहिलंस?”

“पाहिलं.” तो म्हणाला, “एकदाच. तुला पटणार नाही, पण त्या एकाच संध्याकाळी. पुढची दोन पाहिली. पहिल्यात हो होतं.”

तो खोटं बोलला नाही. तो खोटं बोलला असता तर मला बरं पडलं असतं.

“त्याने मला वाढवलं,” तो म्हणाला. “तू सांग, तू काय केलं असतंस?”

मी म्हटलं, मला ठाऊक नाही. आणि खरंच ठाऊक नव्हतं. भाऊ असणं म्हणजे काय हेही मला ठाऊक नाही. मग त्याने धीर धरून सांगितलं, की नेलाचं यात काही बिघडलं नाही. फरक अगदी थोडा आहे, तू स्वतः मोजलास. एका माणसाच्या बाबतीत एवढ्याशा फरकाला काही अर्थ नसतो, हे तूच मला शिकवलंस.

“अर्थ नव्हता, तर पाहिलंस कशाला?”

पिंजऱ्यात एक ससा पाण्याच्या बाटलीचं तोंड दातांनी वाजवत होता.

मी त्याला सांगितलं, की कागद नसलेल्या पाकिटांचे सगळे रोगी मोजणीतून काढून टाक. तू एकदाच पाहिलंस हे मी मानतो, पण मोजणीला ते मानता येत नाही. जिथे खिडकी होती तिथलं काहीच धरता येणार नाही.

“मग उरतं काय?” तो म्हणाला. “कागदवाले तेवढे पुरत नाहीत. थोडा फरक आहे तोही जाईल. मास्तर, तीस वर्षं मी हे सशांचे...” त्याने हात नुसता फिरवला. “आणि नेलाचं रक्तही त्यात आहे. तीही जाईल. तिला काय सांगशील?”

हे मात्र त्याने बरोबर जागी मारलं. कुणाच्या तरी उपयोगाला येईल म्हणून ती तिथे झोपली होती. तो मार तिने घेतला होता, बरा झाला नव्हता, आणि आता मीच म्हणत होतो की तो धरू नका. मी दिव्याची पेटी बंद केली. म्हटलं, “तिलाही काढ. नाहीतर माझं नाव काढ.” त्या खोलीतून बाहेर पडल्यावर मला आठवलं की पाकीट माझ्या हातातच राहिलंय. मी ते परत ठेवायला गेलो नाही.

त्यानंतर रोमुलो एकोणतीसला आला नाही. एल्व्हिओ एकटाच आला, आणि मग येतच राहिला. तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्याने बातमी आणली. रोमुलो कोर्दोबाला मोठ्या सभेत आपला अभ्यास वाचून आला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. “म्हणतो, चालतं ते,” एल्व्हिओ म्हणाला. “फार नाही, पण चालतं. शंभरावर माणसं मोजली. त्यात मी पण आहे, बरं का. आणि नेला, तू पण.”

म्हणजे त्याने त्या दोघांनाही धरलं होतं. कागद नसलेल्या पाकिटांच्या सगळ्यांना. मोजणी कुणा दुसऱ्याकडून करून घेतली होती.

“तुमची दोघांची हिशेबावरून लागली म्हणे,” एल्व्हिओ पुढे म्हणाला. “दोन म्हातारे, आणि बेरजेवरून भांडण. लोक बाईवरून भांडतात, जमिनीवरून भांडतात. बोल मास्तर, काय होतं एवढं?”

नेला माझ्याकडे बघत होती. तिचा श्वास तेव्हा बसल्या जागीही ऐकू यायचा. एक वाक्य बोललो असतो तर रोमुलोचं सगळं काम खाली आलं असतं, आणि ते त्याच्या भावाच्या ताटात पडलं असतं.

“माझं उत्तर वेगळं आलं,” मी म्हणालो.

“मग चूक कुणाचं?”

“जेव, एल्व्हिओ,” नेला म्हणाली. “गार होतंय.”

त्याने ताट पुढे ओढलं. मग नेलाकडेच बघून म्हणाला, की पाऊस आला की तो हात अजून ठणकतो, आणि बाही वर करून दंड दाखवला. तिथे आता काहीच नव्हतं. नेलाने तरी त्यावरून हात फिरवला, आई मुलाच्या गुडघ्यावरून फिरवते तसा.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात ती गेली. खुर्चीत बसल्या बसल्या, उशांना टेकून. शेवटच्या महिन्यांत तिने मला एकदा विचारलं होतं, की मी अजून तिच्यावर रागावलोय का. मी नाही म्हणालो. ते पूर्ण खरं नव्हतं आणि तिला ते कळलं असावं, कारण तिने पुन्हा विचारलं नाही.

स्मशानात शवपेटीची पुढची कडी एल्व्हिओने धरली. उजव्या हाताने, त्याच हाताने. तो रडत होता आणि मागच्या पोरांना दरडावत होता, की सरळ धरा, सायकल आहे, ट्रक नव्हे. कुणाला काही कळलं नाही.

रोमुलो फाटकापाशी उभा होता. सगळे पुढे गेल्यावर तो माझ्याजवळ आला. बराच वाकला होता. त्याला बोलायचं असावं. शाळेपासून बोलायचं काम त्याचंच होतं. पण तो बोलला नाही. त्याने माझा दंड धरला, कोपराच्या थोडा वर, पट्टा बांधतात तिथे. मी वाट पाहिली. कशाची, ते मला सांगता येणार नाही. त्याच्या हाताला अजिबात दाब नव्हता. कुणी हात धरून ओळख करून घ्यावी, एवढाच. मग मी दंड सोडवून घेतला आणि पेटीच्या मागे चालू लागलो.